विश्लेषण : सातबाऱ्यावर नावे लागली म्हणजे वाटणी झाली का?

राज्य सरकारने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मृत खातेदारांची नावे कमी करून त्यांच्या वारसांची नावे लावणे, हा तिचा उद्देश. अशा नोंदीनंतर वडिलांच्या जागी आई, भाऊ आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी अशी सगळी नावे एकाखाली एक दिसतात. अनेक घरांत वादाला तिथूनच तोंड फुटते.

वारस नोंद म्हणजे वाटणी का नाही?

वारस नोंदीतून जमिनीचे वारस कोण, एवढेच कळते. कोणता तुकडा कोणाचा, हे त्यातून ठरत नाही. एखाद्या बहिणीचे नाव वगळून फेरफार धरला गेला, तरी तिचा कायदेशीर हक्क संपत नाही. नोटिशीच्या १५ दिवसांत तिला हरकत घेता येते. नोंद मंजूर झाली, तर प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

कोणाला किती हिस्सा?

समजा, बारामती तालुक्यातील मोरगावच्या एका शेतकऱ्याने स्वकष्टाने दोन एकर जिरायत घेतली होती. मृत्युपत्र नाही, त्याची आई हयात नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार पाचही जणांचा हिस्सा सारखा, म्हणजे प्रत्येकी १६ गुंठे.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशोब वेगळा होतो, पण मुलीचा हक्क मुलाइतकाच राहतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हा हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली. त्या वेळी वडील हयात असणेही गरजेचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

अडते कुठे?

जिरायत जमिनीसाठी प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आहे. त्यामुळे वरच्या उदाहरणात १६ गुंठ्यांचे पाच तुकडे पाडता येत नाहीत. एकाने जमीन घेऊन इतरांना मोबदला द्यावा लागतो, नाहीतर जमीन सामाईक ठेवावी लागते. म्हणूनच ‘मला किती?’ याआधी ‘जमिनीची किंमत किती?’ यावर एकमत होणे महत्त्वाचे.

बँकेतील पैशांतही असाच गैरसमज असतो. वारसनामांकन ज्याच्या नावे, तोच मालक असे धरले जाते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले, की शेअर्स आणि म्युच्युअल फंडांतही केवळ नामांकनामुळे वारसांचा हक्क जात नाही.

मार्ग कोणते?

सगळे सहहिस्सेदार तयार असतील, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदार वाटप करून देतात. अशा वाटपपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. एकमत नसेल, तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा लागतो. न्यायालय हिस्से ठरवते, शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप मात्र महसूल यंत्रणाच करते. म्हणजे दावा जिंकल्यावरही तहसील आणि मोजणीच्या फेऱ्या सुटत नाहीत.

हक्कसोडपत्रावर सही करताना काय पाहावे?

स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. साध्या कागदावर किंवा तोंडी सोडलेला हक्क पुढे टिकत नाही. उलट, एकदा नोंदणी झाली की फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय सहसा माघार घेता येत नाही. ‘माहेर तुटेल’ या भीतीने दिवसकार्याच्या गडबडीत बहिणीची सही घेणे, हे पुढच्या दाव्याचे कारण ठरू शकते. त्यामुळे आधी सगळ्यांची नावे, मग किंमत आणि वाटपाची बोलणी, आणि सही सर्वात शेवटी, हा क्रम पाळलेला बरा.