लघुचित्रांची मंदगति व तिचें निदान

एका वाचकभगिनींचा प्रश्न आला आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबांत एकच संगणक असून, त्यावर गेल्या पंधरा वर्षांतील मुंजी, लग्नें व बारशीं यांचीं सहस्रावधि छायाचित्रें सांठविलेलीं आहेत. अलीकडे तें फोल्डर उघडलें, कीं छोटीं चित्रें एकेक करून पाझरल्यासारखीं उमटतात, आणि मध्येंच सगळें यंत्र स्तब्ध होतें. चिरंजीव म्हणतात, 'नवा संगणक घ्या'. मामंजी म्हणतात, 'आहे तोच पुसून साफ करा'. यांतलें खरें कोणतें, असें भगिनी विचारतात.

आमच्या मतें दोन्ही पक्ष घाईचे आहेत. वैद्यकांत आधीं निदान व मग चिकित्सा हा जो क्रम सांगितला आहे, तोच येथेंही लागू आहे. मंदगति हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. आणि हें लक्षण निरुपद्रवी कारणानेंही उद्भवतें व घातक कारणानेंही.

हीं लघुचित्रें, ज्यांस मुलें 'थंबनेल' म्हणतात, येतात कोठून तें प्रथम पाहूं. पोथीची अनुक्रमणिका करावयाची, तर सारी पोथी एकदां वाचावी लागते. येथेंही तसेंच आहे. मोबाइलनें काढलेलें छायाचित्र ४००० बिंदु रुंद व ३००० बिंदु उंच धरलें, तर त्यांत १ कोटि २० लक्ष बिंदु झाले; प्रत्येक बिंदूच्या तीन रंगांस तीन बाइट या हिशेबानें तें उलगडतांना ३ कोटि ६० लक्ष बाइट जागा व्यापतें. एवढा पसारा मांडून त्यांतून बोटभर चित्र काढावयाचें, आणि फोल्डरांत पांचशें छायाचित्रें असतील, तर हें पांचशें वेळां करावयाचें! म्हणून विंडोजमध्यें एकदां तयार झालेलीं लघुचित्रें एका निराळ्या सांठ्यांत जपून ठेवण्याची योजना आहे. २००१ सालच्या एक्सपीमध्यें हा सांठा ज्या त्या फोल्डरांत लपलेला असे. २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टापासून तो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नांवें स्वतंत्र राहूं लागला. त्यामुळें चिरंजीवांच्या खात्यांत झरझर दिसणारीं चित्रें मामंजींच्या खात्यांत प्रथम सावकाश उमटलीं, तर त्यांत नवल नाहीं.

आतां परीक्षा. परंतु परीक्षेच्याही आधीं एक कर्तव्य आहे, आणि या लेखांतील मुख्य सांगणें तेंच. छायाचित्रांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती पूर्ण होईपर्यंत यंत्रावर दुसरा कोणताही उपाय करूं नये. प्रतींतही क्रम असावा: जीं चित्रें पुन्हां मिळणें नाहीं, तीं आधीं. दिवंगत आजींचा एकुलता एक फोटो प्रथम, सहलीचे डोंगर मागून.

प्रत झाल्यावर चार गोष्टींकडे लक्ष द्यावें.

पहिली: फोल्डर प्रथम उघडतांना वेळ लागतो, पण दुसऱ्या खेपेस चित्रें तत्काळ दिसतात. हा रोगच नव्हे. फोल्डर फारच अवाढव्य असेल, तर वर्षवार वेगळीं फोल्डरें करावीं, म्हणजे झालें.

दुसरी: प्रत्येक खेपेस तितकाच वेळ लागतो. येथें सांठा बिघडला आहे, किंवा कोणी तरी तो वरचेवर पुसत आहे. यंत्र 'स्वच्छ' ठेवण्याचें वचन देणारे कित्येक प्रोग्राम या सांठ्यास केर समजून काढून टाकतात, आणि यंत्राला तेंच काम पुन्हां करावयास लावतात. ही स्वच्छता म्हणजे रोज अनुक्रमणिका फाडून पोथी नीटनेटकी केल्याचें समाधान मानण्यासारखें आहे. असा प्रोग्राम असल्यास बंद करावा. सांठाच बिघडला असेल, तर विंडोजमधील 'डिस्क क्लीनअप' उघडून केवळ 'थंबनेल्स' या ओळीवर खूण करावी व तो एकदांच पुसावा. मूळ छायाचित्रांस यानें धक्का लागत नाहीं. मात्र त्याच यादींत 'डाउनलोड्स' ही ओळ दिसली, तर तिला हात लावूं नये. घरच्या कित्येक मंडळींचे महत्त्वाचे कागद तेथेंच पडलेले असतात.

तिसरी: यंत्र नेमकें एकाच फोल्डरांत अडतें. तेथें एखादी फाइल भग्न झाली असण्याचा संभव असतो. प्रथम फोल्डरांतील चित्रांची मांडणी बदलून 'डिटेल्स' ही नुसत्या नांवांची यादी करावी, म्हणजे लघुचित्रें काढण्याचा खटाटोप थांबतो. मग निम्म्या फाइली दुसऱ्या फोल्डरांत हलवून कोणता भाग अडतो तें पाहावें, व अडणाऱ्या भागाचे पुन्हां दोन भाग करावे. ५१२ फाइली असल्या, तरी अवघ्या ९ विभागण्यांत एक दोषी फाइल हातीं लागते. हें गणित घरांतील विद्यार्थ्याकडून करून घ्यावें; त्याचाही अभ्यास होईल.

चौथी: केवळ चित्रेंच नव्हे, सर्वच कामें अडतात, प्रत घेतांनाही मध्येंच थांबावें लागतें, क्वचित् यंत्राच्या पोटांतून टकटक असा ध्वनि येतो. हें लक्षण घातक समजावें. जुन्या हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. त्यांवरील एखादी जागा क्षीण झाली, म्हणजे डिस्क तीच जागा पुनःपुन्हां वाचूं पाहते, आणि तिच्या उत्तराची वाट पाहत सारें यंत्र खोळंबतें. यासच आपण 'हँग झाला' म्हणतों. अशा वेळीं डिस्कची लांबलचक तपासणी किंवा दुरुस्ती सुरू करणें म्हणजे धाप लागलेल्या वृद्धास गड चढावयास सांगणें होय. जेवढें वांचवितां येईल तेवढें वांचवावें व डिस्क बदलावी. टकटक ऐकूं आल्यास यंत्र बंद करून तें जाणत्याकडे न्यावें हें उत्तम. नव्या 'एसएसडी' डिस्कमध्यें फिरणारा भागच नसतो; तेवढी एक बदलली, तरी पुष्कळदां जुना संगणक नव्यासारखा चालूं लागतो.

तेव्हां भगिनींस आमचें उत्तर असें: मामंजींच्या म्हणण्याप्रमाणें आज कांहींही पुसूं नये, आणि चिरंजीवांच्या म्हणण्याप्रमाणें लगेच नवें यंत्रही आणूं नये. आधीं प्रत, मग परीक्षा, शेवटीं खर्च.

पूर्वी एका लग्नाच्या फोटोच्या चार प्रती निघत, व त्या चार घरीं भिंतीवर लागत. एका घरीं वाळवी लागली, तरी तीन प्रती उरत. आतां सहस्र चित्रें एकाच तबकडीच्या भरंवशावर असतात. दसऱ्यास आपण संगणकास झेंडूचें फूल वाहतों. त्याच दिवशीं वर्षांतील छायाचित्रांची नवी प्रत काढून ती दुसऱ्या घरीं, लेकीकडे वा भावाकडे, ठेवण्याचा नेम प्रत्येक कुटुंबानें करावा.