'पिन मनी' म्हणजे किरकोळ पैसे? एका टाचणीची बदनामी

#थ्रेड #इतिहास

टाचणी, सेफ्टी पिन, पत्त्यावरचा पिन कोड, एटीएमचा पिन आणि 'पिन मनी' या सर्वांना एकाच माळेत ओवून 'एका शब्दाचा रंजक प्रवास' सांगणारा मजकूर समाजमाध्यमांवर ठरावीक काळाने फिरत असतो. त्या माळेतले निम्मे मणी तिथले नव्हेतच. आणि जे तिथले आहेत, त्यांच्याविषयी सांगण्यासारखे जे आहे तेच नेमके वगळलेले असते.

नसलेले नाते आधी दूर करावे. भारतातील पिन कोड म्हणजे 'पोस्टल इंडेक्स नंबर'. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातील हे वरिष्ठ मराठी अधिकारी संस्कृतचे नामवंत कवीही होते. एटीएमचा पिनही तसाच आद्याक्षरांचा. दोन्ही शब्द सारखे ऐकू येतात म्हणून त्यांचा टाचणीशी वंशसंबंध लावणे, हे आडनाव सारखे दिसताच भाऊबंदकी जाहीर करण्यासारखे आहे.

खरे कूळ निराळे आहे. जुन्या इंग्रजीत 'पिन' म्हणजे लाकडी खुंटी किंवा मेख. लॅटिनमधील 'पिन्ना', म्हणजे पीस किंवा टोक, या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. चाक निसटू नये म्हणून आसात ठोकलेला खिळा, पियानोच्या तारा ताणणारी खुंटी, केसांतला आकडा, कागदाची टाचणी, या सर्वांना इंग्रजी एकच नाव देते. मराठीने प्रत्येक वस्तूला वेगळा शब्द दिला, त्यामुळे मराठी वाचकाला हा गोंधळ मुळात पडत नाही. बुद्धिबळातली आणि कुस्तीतली पिन ही त्याच खिळवून ठेवण्याच्या अर्थाची अपत्ये. त्यांत वाद नाही.

वाद आहे तो 'पिन मनी'विषयी.

कोश उघडावा तर अर्थ मिळतो : वरखर्चाचे पैसे, किरकोळ रक्कम. सोबत एक कथाही जोडली जाते. पिना म्हणे पूर्वी केवळ १ आणि २ जानेवारीलाच विकता येत, म्हणून स्त्रिया वर्षभर त्यासाठी पैसे साठवीत. असा कायदा कोणता, हे दाखवण्याची तसदी कोणताही कथाकार घेत नाही. पिनांविषयी कायदा झाला खरा, तो आठव्या हेन्रीच्या काळात, १५४३ च्या सुमारास. परंतु त्याचा विषय होता पिनेचे डोके तारेला घट्ट जोडलेले असावे हा. मालाच्या दर्जाचा कायदा तो. त्यात नववर्षाचा बाजार शोधणे व्यर्थ.

सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंडच्या श्रीमंत घराण्यांत 'पिन मनी' ही विवाहाच्या करारात लिहिली जाणारी वार्षिक रक्कम होती. पतीने पत्नीला ती द्यावयाची, तिने स्वतःच्या वस्त्रप्रावरणांवर खर्चावयाची. १७१२ साली 'स्पेक्टेटर' या पत्रात जोसेफ अॅडिसन याने या प्रथेवर लेख लिहिला. त्यातील काल्पनिक तक्रारखोर नवऱ्याने बायकोला वर्षाला ४०० पौंड कबूल केलेले आहेत. विनोद असेल, पण वाचकाला न पटणाऱ्या आकड्यावर विनोद उभा राहत नाही. त्या काळी ४०० पौंडांत एक सुखवस्तू कुटुंब वर्षभर चालत असे. याला 'किरकोळ' म्हणणे म्हणजे करार न वाचताच त्याची किंमत ठरवणे होय.

(काही उत्साही लेखक येथे 'हे तर आपले स्त्रीधन' असे म्हणून टाकतात. तेही खरे नव्हे. स्त्रीधन ही स्त्रीची मालमत्ता. पिन मनीच्या थकबाकीवर इंग्लंडची न्यायालये पत्नीला साधारणपणे एका वर्षापलीकडे मागे जाऊ देत नसत. १८३४ च्या 'हॉवर्ड विरुद्ध डिग्बी' खटल्यात तर उमरावांच्या सभागृहाने ठरवले, की मृत पत्नीच्या वारसांना ही थकबाकी मागता येणार नाही. कारण ती रक्कम पतीच्या प्रतिष्ठेला शोभेल असे पत्नीने सजावे यासाठी होती. पैसा तिचा, हेतू त्याचा.)

आता पिन कोण घडवीत होते, याकडे वळावे. येथे प्रत्येक धाग्यात अॅडम स्मिथ येतोच. १७७६ च्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याने पिनेच्या कारखान्याचे उदाहरण दिले : सुमारे १८ क्रिया, १० माणसे, दिवसाला ४८,००० पिना. एकटा माणूस कदाचित एकही पिन करू शकला नसता. श्रमविभागणीचा हा दाखला जगभर शिकवला जातो. त्या परिच्छेदात एक पुरुष तार ओढतो, दुसरा ती सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा पुरुष उभे राहतात.

१८३२ साली चार्ल्स बॅबेज याने, गणनयंत्राची कल्पना मांडणाऱ्या त्याच बॅबेजने, यंत्रे आणि उत्पादन यांवरील आपल्या ग्रंथात एका इंग्रजी पिन-कारखान्याचा तक्ता छापला. तेथेही माणसे दहाच. परंतु चार पुरुष, चार स्त्रिया आणि दोन मुले.

या तक्त्यावर थोडे थांबावे. एक पौंड वजनाच्या ५,५४६ पिना तयार होण्यास एकूण सुमारे ७.७ तास लागत. त्यांपैकी पिनेला डोके बसवण्यास ४ तास आणि कागदात ओवण्यास २ तासांहून थोडे अधिक. ही दोन्ही कामे स्त्रियांची. तार सरळ करणे आणि कल्हई यांतला त्यांचा वाटा धरला, तर सुमारे साडेसहा तास स्त्रियांचे होतात. मजुरी? डोके बसवणारीला दिवसाला १ शिलिंग ३ पेन्स. टोक काढणाऱ्या पुरुषाला ५ शिलिंग ३ पेन्स. कल्हईच्या एकाच कामात पुरुषाला ६ शिलिंग आणि स्त्रीला ३. तार सरळ करण्यास हातभार लावणाऱ्या मुलीला ६ पेन्स, तर डोक्यांसाठी तार पिळण्या-कापण्यात मदत करणाऱ्या मुलाला साडेचार.

बॅबेज याचे कारण लपवीत नाही. उलट तोच त्याचा सिद्धांत आहे. सर्व क्रिया येणाऱ्या एकाच कुशल कारागिराकडून पिन करून घेतली, तर ती पावणेचार पट महाग पडेल, असा त्याचा हिशेब. कामाचे तुकडे करण्याचा लाभ केवळ वेगात नव्हता. प्रत्येक तुकड्यासाठी जमेल तितका स्वस्त हात लावता येई, यातही होता. पिन स्वस्त झाली ती यामुळे. आणि स्वस्त झाली म्हणूनच इंग्रजीत ती क्षुल्लकतेची उपमा म्हणून रुळलेली राहिली.

'भाषा बदलते, शब्दांचे अर्थ घसरतात, त्यात राजकारण कसले?' असा आक्षेप येतो. तो विसाव्या शतकातील अमेरिकेपुढे ठेवून पाहावा. तेथे 'स्त्रिया तर पिन मनीसाठी नोकरी करतात' हे वाक्य स्त्रियांना कमी वेतन देण्याचे नित्याचे समर्थन झाले. १९२० साली स्थापन झालेल्या श्रमखात्याच्या महिला विभागाला आणि त्याच्या संचालिका मेरी अँडरसन यांना वर्षानुवर्षे पाहण्या करून हेच सांगत राहावे लागले, की या स्त्रिया घर चालवतात, म्हाताऱ्या आईबापांना पोसतात, मुलांना वाढवतात. तरीही महामंदीत, १९३२ च्या काटकसर कायद्यात कलम २१३ आलेच. कर्मचारी कमी करताना ज्यांचा जोडीदारही केंद्र सरकारच्या सेवेत आहे त्यांना आधी काढावे, असे ते कलम. शब्द स्त्री-पुरुष दोघांना लागू. घरी गेल्या त्या मुख्यतः स्त्रिया. १९३७ साली ते रद्द झाले.

म्हणजे विवाहाच्या करारातला हक्क आधी 'वरखर्च' झाला आणि मग त्याच वरखर्चाचे नाव घेऊन कष्टकरी स्त्रीचे वेतन कापले गेले. ज्या वस्तूच्या नावाने हे झाले, तिचे डोके बसवणारे हातही स्त्रियांचेच होते. या शब्दाचा 'रंजक प्रवास' लिहिणाऱ्यांना हा टप्पा दिसत नाही, याचे नवल वाटावयास हवे.

२००७ साली बँक ऑफ इंग्लंडने २० पौंडांच्या नोटेवर अॅडम स्मिथची छबी छापली. शेजारी पिनेचा कारखाना, आणि श्रमविभागणीमुळे कामाचे प्रमाण किती वाढते हे सांगणारी ओळ. २०२२ पर्यंत ती नोट चलनात होती. डोके बसवणारीला २० पौंड मिळवण्यासाठी बॅबेजच्या दराने ३२० दिवस राबावे लागले असते.