चित्रफीत उतरवून ठेवणारा चोर कसा?

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने ‘गिटहब’ला नोटीस धाडली आणि ‘यूट्यूब-डीएल’ या मुक्त सॉफ्टवेअरची संहिता तेथून हटवण्यात आली. आरोप काय, तर या सॉफ्टवेअरने यूट्यूबवरील चित्रफिती आपल्या संगणकावर उतरवता येतात. सबब ते चोरीचे हत्यार! पुरावा म्हणून चाचणीसाठी ठेवलेल्या यादीतील टेलर स्विफ्ट, जस्टिन टिम्बरलेक प्रभृतींच्या गाण्यांच्या दुव्यांकडे बोट दाखवले गेले. त्या चाचणीत गाण्याचे काही क्षणच घेतले जात होते, हे मात्र नोटिशीत सांगितले गेले नाही.

‘चोरी’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर वापरला जातो, म्हणून प्रत्यक्षात काय घडते ते पाहिले पाहिजे. आपण चित्रफीत पाहतो तेव्हा तिचे तुकडे आपल्याच यंत्रावर येतात, ब्राउझर ते जुळवून दाखवतो आणि मग टाकून देतो. हे सॉफ्टवेअर ते टाकून देत नाही, एवढाच काय तो फरक. यूट्यूब प्रत्येक ब्राउझरला जी संहिता पाठवते तीच ते चालवते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या वकिलांनी हेच मांडले आणि १६ नोव्हेंबरला गिटहबला बंदी मागे घ्यावी लागली. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. तेव्हा या माघारीचे श्रेय मक्तेदारांच्या औदार्याला देण्याचे कारण नाही. जगभरच्या प्रोग्रामरांनी त्या तीन आठवड्यांत हीच संहिता पुन्हा पुन्हा प्रसिद्ध केली होती. कंपन्यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. २०२३ मध्ये सोनी, वॉर्नर आणि युनिव्हर्सल यांच्या दाव्यावर हॅम्बुर्गच्या न्यायालयाने, यूट्यूब-डीएलच्या संकेतस्थळाला जागा देणाऱ्या एका लहान जर्मन कंपनीविरुद्ध निकाल दिला.

प्रत काढणे हाच गुन्हा असता, तर यूट्यूबने स्वतः तो धंदा मांडला नसता. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला यूट्यूब चित्रफीत ‘डाऊनलोड’ करू देतेच. पण ती त्याच ॲपमध्ये कोंडलेली असते, आणि महिनाभर इंटरनेटशी गाठ पडली नाही तर उघडत नाही. म्हणजे ही प्रत विकत घेतलेली नव्हे, खंडाने घेतलेली! आक्षेप प्रतीला नाही, मालकाच्या हाती दोरी न राहणाऱ्या प्रतीला आहे.

आपल्या देशात ही दोरी कोण ओढतो? जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील आणीबाणीचे अधिकार वापरून, गुजरात दंगलींवरील बीबीसीच्या माहितीपटाचे दुवे यूट्यूब आणि ट्विटरवरून काढायला लावले. २४ जानेवारीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तो दाखवण्याच्या वेळी वीज गेली. विद्यार्थ्यांनी तो मोबाइल व लॅपटॉपवर पाहिला. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते, आणि सुरू झाल्यावरही फेब्रुवारी २०२१ पर्यंत मोबाइलवर बहुतेक ठिकाणी टू-जीच मिळाले. तेथील विद्यार्थ्याला ‘सारे काही ऑनलाइन उपलब्ध आहे’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होती.

कलावंताच्या मोबदल्याचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, तो उडवून लावता येणार नाही. प्रती काढून विकणारा कलावंताच्या श्रमावर जगतो आणि त्याची बाजू आम्ही घेत नाही. परंतु खासगी वापरासाठी रास्त उपयोगाला आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ वाव देते. २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ तांत्रिक कुलूप मोडण्याला गुन्हा ठरवते खरे, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकी कायद्याला अशा हेतूची फारशी पर्वा नाही. यूट्यूबच्या अटी उतरवण्यास मनाई करतात. पण कंपनीची अट म्हणजे देशाचा फौजदारी कायदा नव्हे.

आणि आपले स्वतःचे काय? अभ्यासवर्गांची व्याख्याने आपण यूट्यूबवर चढवतो आणि निर्धास्त होतो. मूळ फीत कोठे आहे असे विचारले, की कॉम्रेड मोबाइलच्या पडद्याकडे बोट दाखवतात! उद्या ते खाते बंद झाले तर दाद कोणाकडे मागणार? यूट्यूब-डीएलचाच वारसा चालवणारे ‘वायटी-डीएलपी’ हे मुक्त सॉफ्टवेअर एका ओळीच्या आज्ञेवर अख्खी व्याख्यानमाला उतरवून देते, आणि ‘व्हीएलसी’वर ती नेटवाचून पाहता येते. दोन्हींना पैसा लागत नाही. जिल्हा कार्यालयातील एखाद्या तरुणाने एक संध्याकाळ दिली तरी हे काम होण्यासारखे आहे.