विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर ‘विंडोज ११’ दिसतंय, पण ती माहिती येते कुठून?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे नागपुरात सीताबर्डीवर जुना लॅपटॉप बघायला गेलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला : “यात ११ आहे का?” दुकानदार स्क्रीन दाखवतो. ११ असतंही. तरीही फसगत होऊ शकते.

आधी हे नाव येतं कुठून ते पाहू. ऑपरेटिंग सिस्टीम आपली ओळख स्वतःजवळच लिहून ठेवते. विंडोजमध्ये ही जागा म्हणजे रजिस्ट्री, सगळ्या सेटिंग्जची मोठी वहीच म्हणा. त्यातल्या ‘करंट व्हर्जन’ या नोंदीत उत्पादनाचं नाव, बिल्ड क्रमांक, अगदी नोंदणीकृत मालकाचं नावही असतं. गंमत म्हणजे अस्सल विंडोज ११ मध्येही इथे उत्पादनाचं नाव ‘विंडोज १०’ असंच सापडतं! खरा फरक बिल्ड क्रमांकात आहे. तो २२००० किंवा त्याहून मोठा असेल तर ते ११.

लिनक्समध्ये हेच काम ‘ओएस-रिलीज’ नावाची साधी मजकूर फाइल करते. पूर्वी रेड हॅट, सुसे, डेबियन यांच्या फाइली वेगवेगळ्या होत्या. २०१२ पासून एकच पद्धत रुळत गेली. त्यात कूळ सांगणारी एक ओळही असते. उबंटूच्या फाइलमध्ये तिथे ‘डेबियन’ लिहिलेलं असतं.

पण फाइल असो की रजिस्ट्री, अ‍ॅडमिनचे अधिकार असलेला कुणीही त्यात बदल करू शकतो. मालकाचं नाव बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत. आणि मुद्दा केवळ नावाचा नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण ८व्या पिढीचा किंवा पुढचा. ही तपासणी टाळण्याच्या युक्त्या आहेत, त्यातली एक रजिस्ट्रीतच एक नोंद घालण्याची. मग ६व्या पिढीच्या लॅपटॉपवरही ११ चढतं, नावही खरंच दिसतं. मात्र अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ऑनलाइन बँकिंग त्याच लॅपटॉपवरून करणार असाल तर ही बारीकशी अट फार महाग पडू शकते.

म्हणून दुकानात ‘रन’ उघडून ‘विनव्हर’ (डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर) टाइप करा आणि बिल्ड बघा. पण तिथेच थांबू नका. लॅपटॉप रिस्टार्ट करून बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव वाचा. ‘आय ५-६३००’ म्हणजे ६वी पिढी, ‘आय ५-८२५०’ म्हणजे ८वी. ‘आय ५-१०२१०’ असा पाच आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे धरायचे, म्हणजे १०वी. टीपीएमची नोंदही बायोसमध्येच सापडते. दुकानदार “कशाला एवढं?” म्हणाला, तरी बघाच.

विनव्हरच्या खिडकीत आधीच्या मालकाचं नाव दिसलं, तर लॅपटॉप पूर्ण रिसेट करून मागा. आणि निघाला ६व्या पिढीचा, पण किंमत परवडतेय? मग विंडोज १० ठेवून मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते. घरगुती वापरकर्त्यांना ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यानंतर उबंटूसारखं लिनक्स हा पर्याय उरतो, तोही फुकट. भाव करताना हे सगळं धरूनच करा.