मोजणाऱ्यांनी कमवायचे कशाला?

भारतीय सांख्यिकी संस्थेचा १९५९ चा कायदा मोडीत काढून नवा आणण्याचा केंद्राचा घाट आणि त्याविरोधात कोलकात्यात रस्त्यावर उतरलेले प्राध्यापक-विद्यार्थी यांच्या वादात सर्वाधिक बोलले गेले ते सत्तेबद्दल. निवडून आलेल्या प्रतिनिधींना जागा असलेली परिषद जाणार, तिच्या जागी सरकारनियुक्तांचे वर्चस्व असलेले छोटे मंडळ येणार, संस्थापक महालनोबिस यांनी उभी केलेली सोसायटी इतिहासजमा होणार, हे आक्षेप रास्तच आहेत. पण मसुद्यातील त्याहून घातक भाग उत्पन्नाचा आहे. विद्यार्थ्यांची फी, सल्लागारीची कामे आणि प्रायोजित संशोधन यांतून संस्थेने पैसा उभा करावा, असा त्याचा रोख आहे. या संस्थेत बी.स्टॅट.च्या विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतली जात नाही. उलट अभ्यास नीट चालू असेल तर त्याला दरमहा ५ हजार आणि एम.स्टॅट.च्या विद्यार्थ्याला ८ हजार रुपये विद्यावेतन मिळते. बारावी झालेल्या, गणितात हुशार पण घरची ऐपत नसलेल्या मुलाला हा विषय निवडता येतो तो या एका व्यवस्थेमुळे. तिच्यावर हात टाकणे म्हणजे देशाचे मोजमाप पुढे कोण करणार, या प्रश्नावर हात टाकणे. संख्याशास्त्र ही कमाईची विद्या करायला निघालेल्यांना ती कशासाठी असते हेच कळलेले नाही.

ती कशासाठी असते, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विचारावे. एक रुपयातील पीकविमा गुंडाळून राज्याने २०२५ च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगांशी बांधली. महसूल मंडळातील काही शेते यादृच्छिक पद्धतीने निवडायची, प्रत्येकात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले सोयाबीन कापायचे, मळायचे, तोलायचे आणि मंडळाचे सरासरी उत्पन्न काढायचे. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तर भरपाई, नाही तर नाही. आता त्या तुकड्याच्या दोरीवर उभे असलेले रोप धरायचे की सोडायचे? कापणारा माणूस सहसा ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितका कडेचा वाटा मोठा, आणि तितके उत्पन्न फुगलेले दिसते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात नेमके हेच दाखवून दिले. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांच्या बाजूचे, सुखात्मे मोठ्या तुकड्यांच्या. दोघांचा वाद गाजला आणि देशाची कापणीची पद्धत त्यातून सुधारली. दोघांचेही काम सार्वजनिक पैशावर चालत होते. उत्पन्न फुगवून मोजले की ज्याचे पैसे वाचतात, अशा कोणाच्या कंत्राटावर त्यांच्यापैकी एकजण जरी बसला असता, तर हा वाद झालाच नसता आणि दोरीवरचे रोप आजही शेतकऱ्याच्या विरोधात मोजले गेले असते.

हा मुद्दा पुन्हा सांगायला हवा, कारण दिल्लीत तो कोणी ऐकताना दिसत नाही. मोजणाऱ्याचा पगार मोजमापाच्या निकालात स्वारस्य असलेल्या गिऱ्हाइकाने देऊन चालत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झाले ते याच संस्थेच्या आधारावर. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास मांडला, तो याच सर्वेक्षणांच्या आकड्यांवर उभा होता, आणि त्या अभ्यासाने सत्ताधाऱ्यांना अवघड प्रश्न विचारले. रोजगाराच्या पाहणीत चालू साप्ताहिक स्थिती ठरवताना गेल्या ७ दिवसांत एक तासभर काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. म्हणजे सात दिवसांत फक्त एका सकाळी दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली बाई त्या आठवड्यापुरती बेरोजगार नसते. हा निकष योग्य की अयोग्य, तो बदलला तर आकडा किती सरकतो, घरखर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीत एकाच कुटुंबाकडे तीनदा जाऊन ४०५ वस्तूंचा खर्च विचारल्याने जुन्या पाहणीशी तुलना कुठवर टिकते, हे सांगू शकणारी माणसे सरकारबाहेरही आणि सरकारातही असावी लागतात. जानेवारी २०१९ मध्ये रोजगाराचा अहवाल दाबून ठेवला गेला तेव्हा राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. बेरोजगारी ६.१ टक्के असल्याचे सांगणारा तो अहवाल निवडणूक आटोपल्यावर, ३१ मे रोजी बाहेर आला. मोहनन हे भारतीय सांख्यिकी सेवेतून आलेले. आकड्यासाठी पद सोडण्याचा हा कणा बाजारात तयार होत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की संख्याशास्त्र शिकलेल्यांना आज कुठेही मागणी आहे, मग त्यांनी फी का भरू नये? मागणी आहे, यात वाद नाही. विमा कंपन्यांना ॲक्च्युअरी हवेत, औषधांच्या चाचण्यांना जैवसंख्याशास्त्रज्ञ हवेत, बँकांना कर्ज बुडण्याचा धोका मांडणारे हवेत, आणि डेटा सायन्सच्या नावाने तर निम्मी तरुणाई क्लास लावते आहे. संस्थेतून बाहेर पडलेले कित्येक जण वित्तसंस्थांमध्ये आणि परदेशी जातात हेही खरे. पण फी लावल्याने हे थांबेल की वाढेल? शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन पदवी मिळवलेली मुलगी पहिल्या दिवशी हप्त्याचा हिशेब करणार. ती केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा द्यायला दोन वर्षे थांबणार नाही, कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होऊन गावोगाव फिरणार नाही, राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे तर वळूनही पाहणार नाही. जो सर्वांत जास्त देईल त्याच्याकडे ती जाईल, आणि तिला दोष देता येणार नाही. सरकारला आपल्याच खात्यासाठी माणसे हवी असताना त्या माणसांना कर्जात ढकलून बाजाराकडे पाठवणारे हे धोरण आहे. याला सुधारणा कसे म्हणायचे?

दुसरे उत्तर रघुनाथ माशेलकर यांच्या समितीचे. संस्थेचा कारभार बदलायला हवा, अभ्यासक्रम वाढायला हवेत, असे त्या समितीने २०२० मध्ये सुचवले होते आणि सरकार त्याचाच हवाला देते. संस्था सुस्तावली असेल तर तिला हलवा. संचालकांच्या निवडीत, नव्या केंद्रांत, संगणनाच्या अभ्यासात काय करायचे ते करा. याच संस्थेतील सी. आर. राव यांचा १९४५ चा निबंध जगभर शिकवला जातो, एवढ्या पुण्याईवर आजची संस्था चालू शकत नाही, हे मान्य. पण कारभार सुधारणे वेगळे आणि संस्थेला दुकान थाटायला लावणे वेगळे. पहिल्याच्या आडून दुसरे पुढे रेटले जात आहे.

आणि हे फक्त कोलकात्याचे दुखणे नाही. कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग घडवला, तेव्हा हा विषय महाराष्ट्राला नवा होता. पुढे कोल्हापूर, जळगावपर्यंत त्याचे विभाग झाले. आज राज्यातल्या महाविद्यालयांत पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि संख्याशास्त्रही अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या भरवशावर चालते. ज्या शिक्षकाला पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ठाऊक नाही, तो नमुना निवडीतील दोष ओळखायला शिकवण्याइतका वेळ एका वर्गाला कुठून देणार? मग तोच वर्ग चार महिन्यांच्या डेटा सायन्सच्या प्रमाणपत्रासाठी खासगी क्लासच्या दारात उभा राहतो, सॉफ्टवेअरची बटणे शिकतो आणि आलेला आकडा खरा कशावरून, हा प्रश्न विचारायला शिकतच नाही. २०२१ ची जनगणना २०२७ वर गेली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर आपण रेशनचे लाभार्थी ठरवत आलो, नमुन्यांच्या याद्या बेतत आलो. या सगळ्याची दुरुस्ती करायला हजारो प्रशिक्षित माणसे लागणार आहेत, आणि ती तयार होण्याच्या ऐन काळात केंद्राला फीची आठवण झाली आहे.

विधेयक संसदेत मंजुरीला येईल तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातील खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, पक्षादेशाची वाट न पाहता दोन दुरुस्त्या मांडाव्यात: उत्पन्न उभारण्याच्या तरतुदीतून विद्यार्थ्यांची फी वगळावी, आणि विद्यावेतनाची हमी कायद्याच्या कलमातच लिहावी. त्यांच्याच मतदारसंघातील सोयाबीनच्या शेतात येत्या हंगामात दोरी लावली जाणार आहे.