सांताक्रूझची मावशी

सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठी घरातलं आणि मेसमधलं. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सुधारलेत. विचार मात्र माझेच आहेत, त्यामुळे शिव्या मलाच द्याव्यात.

आपल्या हॉस्टेलचं आउट-रजिस्टर कधी वाचलंय का? फार विनोदी ग्रंथ आहे तो. निम्म्या हॉस्टेलचे काका दादरला राहतात आणि प्रत्येकाच्या आजीची तब्येत नेमकी पीएलच्या आधी बिघडते. मी एफईला असताना आमच्या विंगमधल्या फायनल इयरच्या एका दादाची नोंद मात्र कायम एकच असायची : 'सांताक्रूझ, मावशीकडे.' रेक्टर सर कौतुकाने म्हणायचे, "नाती सांभाळावीत तर या मुलासारखी!"

मावशी नव्हतीच.

(तो आता पासआउट होऊन राज्याबाहेर नोकरी करतोय. हा लेख त्याला आधी वाचून दाखवला, ओळख पटेल असे तपशील बदलले. त्याने एकच दुरुस्ती सुचवली, ती पुढे येईल.)

त्या वर्षी गॅदरिंगच्या फिशपाँडची पेटी सांभाळायचं काम आम्हा एफईच्या पोरांकडे होतं. चिठ्ठ्या वाचायच्या, फारच घाण असतील त्या बाजूला काढायच्या. त्याच्या चालण्यावर आणि बोलताना हात हलवण्यावर एक चिठ्ठी आली. ती मी वाचली, खो-खो हसलो आणि 'घ्यायच्या' गठ्ठ्यात टाकली. स्टेजवरून ती वाचली गेली तेव्हा हॉल दणाणला. तोही हसला, उठून सलाम वगैरे केला. दुसऱ्या दिवसापासून तो मेस बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी, एकटाच जेवायला यायला लागला. काही महाभाग बाथरूममध्ये तो शिरला की मोठ्याने जाहीर करून बाहेर पडायचे.

महिन्याभराने टपरीवर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चिठ्ठी तू लिहिली नाहीस ना? मग झालं." मला वाटतं, त्याने एक कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. नंतर दुसऱ्या कटिंगवर त्याने मावशीची गोष्ट सांगितली.

सांताक्रूझ पूर्वेला वाकोला आहे. तिथे हमसफर ट्रस्ट नावाची संस्था आहे. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यासाठी ती १९९४ साली सुरू झाली. त्याआधी १९९० मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' नावाचं मासिक काढलं होतं, त्याच धडपडीतून पुढे ही संस्था उभी राहिली. आता गंमत बघा. तेव्हा भारतीय दंडसंहितेचं कलम ३७७ जिवंत होतं, म्हणजे कायद्याच्या नजरेत हे लोक गुन्हेगार. आणि त्याच काळात मुंबई महापालिकेने वाकोल्याच्या आपल्या इमारतीत या संस्थेला जागा दिली! कारण साधं होतं. एड्सची साथ होती आणि लपून राहणाऱ्या माणसांपर्यंत पोचायचं तर त्यांना निर्धास्त बसता येईल अशी जागा हवी. जे पालिकेला तीस वर्षांपूर्वी कळलं ते आपल्याला अजून कळत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

मी तिथे गेलेलो नाही, त्याने सांगितलं तेवढंच लिहितोय. "तिथे काय करता रे?" असं मी भीतभीत विचारलं. माझ्या डोक्यात काय काय होतं ते छापण्यासारखं नाही. तो म्हणाला, "बसतो." म्हणजे? "म्हणजे पाय पसरून बसतो. आवाज कसा निघतोय, हात कुठे जातोय याचा हिशोब न ठेवता. दोन तास."

कोणी म्हणेल, मुंबईत पब आहेत की! आहेत. पूर्वी कुलाब्याच्या व्हूडू पबमधल्या शनिवारच्या रात्री प्रसिद्ध होत्या, आजही पार्ट्या होतात. पण तिथे आत जायचे पैसे लागतात, बरे कपडे लागतात आणि इंग्रजी लागतं. माझ्यासारख्याचं ठीक आहे. 'गे', 'क्वीअर' हे शब्द मला अमेरिकन मालिकांतून आयते मिळाले, तेही हसऱ्या चेहऱ्याचे. त्याला त्याच्या तालुक्याच्या गावी स्वतःसाठी जे शब्द ऐकायला मिळाले ते सगळे शिव्या होते. 'समलिंगी' हा शब्द त्याने पहिल्यांदा पेपरमध्ये वाचला. नंतर हॉस्टेलमध्ये त्याला बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरी मिळाली. (खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला.) वर्कशॉपच्या जर्नलचं कव्हर घालून त्याने ती वाचली आणि तशीच मला दिली. दोनशे जणांच्या हॉस्टेलमध्ये एक मराठी कादंबरी चोरून वाचावी लागते!

मुलींचं तर विचारूच नका. त्यांच्यासाठी मुंबईत स्त्री संगम हा गट १९९५ मध्ये निघाला, पुढे त्याचं नाव 'लेबिया' झालं. पण आपल्या लेडीज हॉस्टेलला साडेआठला कुलूप लागतं. त्यांना खोटी मावशीसुद्धा परवडत नाही.

"आता कायदा झाला ना, अजून काय पाहिजे?" हे मी स्वतः आपल्या एका सरांच्या तोंडून ऐकलंय. सर, कायदा झाला नाही, गुन्हा गेला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीचे संबंध कलम ३७७ मधून काढले. त्या खटल्यात आयआयटीच्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांचीही याचिका होती, म्हणजे आपल्याच जातकुळीची पोरं. १ जुलै २०२४ पासून तर जुनी दंडसंहिताच गेली. लग्नाची मागणी २०२३ मध्ये कोर्टाने मान्य केली नाही. पण हे सगळं दिल्लीत. बी विंगच्या बाथरूममध्ये कोणता निकाल लागला?

फोनवर ॲप आहेत हेही उत्तर नाही. ॲपवर भेटलेला माणूस कोण निघेल सांगता येत नाही, फोटो काढून पैसे उकळणारे आहेत. आणि फोनमध्ये शेजारी बसून चहा पिता येत नाही. पवईला आयआयटीत 'साथी' नावाचा विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून आहे. आपल्यापासून ते काही चंद्रावर नाही.

मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं की 'अशा मुलांसाठी' एक वेगळी खोली द्या. इथे त्याची दुरुस्ती आली. तो म्हणाला, "वेगळी खोली दिलीस तर दारावर पाळत ठेवतील. कॅरम रूमच उघडी ठेव, कोणीही या म्हण. फक्त एक माणूस असा बसव की जो हसणार नाही."

तर कॅरम रूम रविवारी संध्याकाळी रिकामी असते आणि किल्ली रेक्टर सरांकडे असते. ती दर रविवारी दोन तास उघडी मिळावी असा अर्ज मी लिहिलाय. मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय. सही कोणीही करा, कोणी काही विचारणार नाही. कॅरमसाठी आलात तरी चालेल, स्ट्रायकर आणा, आपला हरवलाय.

आणि यंदाच्या फिशपाँडची पेटी परत माझ्याच ताब्यात आहे.