भिंतीवरचा हात

सायकल एकदा आली की ती जन्मभर विसरत नाही, असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. या विश्वासाची परीक्षा घेणारे एक अगदी साधे यंत्र आहे. आडव्या चौकटीत बसविलेले तीन दंडगोल, एवढेच त्याचे स्वरूप. सायकलचे मागचे चाक दोन दंडगोलांच्या मधल्या खाचेत टेकते, पुढचे चाक तिसऱ्यावर. पायडल मारताच मागचे चाक आपल्याखालचे दंडगोल फिरविते. त्यांपैकी एकावरून पुढच्या दंडगोलाकडे रबरी पट्टा गेलेला असल्याने तोही फिरतो आणि त्यावरचे पुढचे चाकही फिरू लागते. सायकल जागच्या जागी धावते. मात्र तिला कोठेही बांधलेले नसते. यालाच सायकलपटू ‘रोलर’ म्हणतात. वीस वर्षे रस्त्यावर बिनधास्त सायकल चालविलेला मनुष्य यावर प्रथम चढतो, तेव्हा काही क्षणांतच त्याचा हात भिंत शोधू लागतो.

हे साधन नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि युरोपात ते प्रचारात होते. बर्फ आणि पाऊस यांमुळे जेथे हिवाळ्यात रस्ते बंद होत, तेथे सराव चालू ठेवण्याचा हा मार्ग होता. पुढे ब्रिटनमध्ये सभागृहांतून दोन रोलर शेजारी शेजारी मांडून शर्यतीही होत आणि मोठ्या तबकडीवरील काटे कोण किती पुढे आहे ते प्रेक्षकांना दाखवीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील चार्ल्स मर्फी हा सायकलपटू रोलरवरील वेगासाठी प्रसिद्ध होता. वाऱ्याचा अडथळा दूर केला तर माणूस सायकलवर कल्पनेपलीकडचा वेग गाठू शकेल, असे त्याचे म्हणणे. ३० जून १८९९ रोजी लाँग आयलंड येथे रुळांच्या मधोमध फळ्या अंथरून, धावत्या आगगाडीच्या डब्यामागे वाऱ्याच्या आडोशाने त्याने एक मैलाचे अंतर ५७.८ सेकंदांत कापले. तेव्हापासून ‘मिनिटाला मैल’ हे विशेषण त्याच्या नावाला चिकटले. आजही धावपट्टीवरील सायकल शर्यतींच्या ठिकाणी स्पर्धक शर्यतीपूर्वी रोलरवर अंग गरम करताना दिसतात.

मग रस्त्यावर सहज साधणारा तोल येथे का ढळतो? याचे उत्तर सायकल मुळात उभी कशी राहते, यात आहे. सायकल डावीकडे कलली की चालविणारा नकळत हॅण्डल डावीकडेच वळवितो. त्यामुळे चाके पुन्हा शरीराच्या खाली येतात. मग ती थोडी उजवीकडे कलते आणि हॅण्डल उजवीकडे वळते. सरळ रेषेत चाललेली दिसणारी सायकल वस्तुतः अशी सतत नागमोडी जात असते. रस्ता रुंद असल्याने ही वळणे कोणाच्या लक्षात येत नाहीत. दंडगोलाची लांबी मात्र साधारण दीड फूट असते. रस्त्यावर खपून जाणारी प्रत्येक चूक येथे लगेच उघडी पडते.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते. ठरावीक कलासाठी किती वळावे लागेल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग दुप्पट झाला तर वळण एक चतुर्थांश पुरते. हा नियम सायकल चालविणाऱ्याला ठाऊक नसतो, तरी त्याचे शरीर तो पाळते आणि केवळ नियम पाठ केल्याने कोणाला सायकल येत नाही. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम सायकलला सावरतो, ही समजूतही दीर्घकाळ प्रचलित होती. डेव्हिड जोन्स या शास्त्रज्ञाने उलट दिशेने फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरी ती सायकल चालविता आली. त्याचा हा लेख १९७० साली प्रसिद्ध झाला. तोल चाकांच्या गतीतून आपोआप मिळत नाही. चालविणारा तो क्षणोक्षणी दुरुस्त करीत असतो.

नवशिक्याची अडचण येथेच सुरू होते. भीती वाटली की माणूस तीन गोष्टी करतो. हॅण्डल घट्ट आवळतो, वेग कमी करतो आणि पुढच्या चाकाकडे टक लावून पाहतो. या तिन्ही गोष्टी त्याला पाडण्यासच कारणीभूत होतात. आवळलेले हात लहान दुरुस्ती करू शकत नाहीत. ते एकदम मोठा हिसका देतात. वेग कमी झाला की तोच कल सावरण्यासाठी अधिक वळावे लागते आणि वळण्यास जागा तर नसते. नजर चाकावर असली की चूक घडून गेल्यावरच दिसते. म्हणून जाणकार सांगतात की कोपर सैल ठेवावे, पाच-सहा फूट पुढे एखाद्या ठिकाणी नजर स्थिर करावी आणि पाय संथ न ठेवता एका लयीत फिरवावेत. जिवाला जे सुरक्षित वाटते त्याच्या नेमके उलट करावे लागते आणि ते पटायला वेळ लागतो.

वेगाचा आवाजही मन दडपून टाकतो. दहा सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल घेतला तर त्याचा परीघ सुमारे ३१ सेंटिमीटर भरतो. ताशी ३० किलोमीटर वेगाला, म्हणजे मिनिटाला ५०० मीटर, तो मिनिटात सुमारे १,६०० वेळा फिरतो. बंद खोलीत ती घरघर ऐकून वाटते की चाक घसरले तर सायकल थेट समोरच्या भिंतीवर आदळेल. ही भीती फारशी खरी नाही. रस्त्यावर सायकलस्वाराचे सारे वजन पुढे धावत असते. येथे फक्त चाके आणि दंडगोल फिरत असतात, माणूस जागीच असतो. चाक खाली उतरले तर एक लहानसा धक्का बसतो आणि चाक थांबते. खरा धोका आडवे पडण्याचा आहे आणि त्याची व्यवस्था आधीच करता येते.

त्यासाठी रोलर दाराच्या चौकटीत मांडणे सर्वांत सोयीचे. दोन्ही बाजूंना आधार हाताशी राहतो. आजूबाजूचे टेबल, खुर्ची, काचसामान हलवावे. चढण्या-उतरण्यासाठी शेजारी मजबूत पाट किंवा ठोकळा ठेवावा. टायरमध्ये हवा पुरेशी भरावी आणि गिअर थोडा जड ठेवावा, म्हणजे पाय उगाच भरकटत नाहीत. पायडलला पाय अडकविणारे जोडे पहिल्या दिवशी घालू नयेत. बंद खोलीत वारा लागत नाही, घाम फार येतो. म्हणून पंखा हवा. प्रारंभी एक हात चौकटीवर ठेवून पायडल मारावे. लय जमली की तळव्याऐवजी बोटे, मग एकच बोट, मग क्षणभर तेही उचलावे. पाच मिनिटांचा सराव पुरे. थकलेल्या शरीराला तोल साधत नाही. कोणाला पहिल्याच दिवशी जमते, कोणाला आठवडा लागतो.

साठीपुढील व्यक्तींनी येथे थोडा विचार करावा. हाडे ठिसूळ झाली असतील, चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. केवळ व्यायाम हवा असेल तर जमिनीवर पक्की उभी असलेली व्यायामाची सायकल पुरेशी आहे. ज्यांची प्रकृती उत्तम आहे त्यांनीही पहिले काही दिवस घरातील कोणाला तरी जवळ उभे करावे. नातवाने आजोबांना धरून उभे राहण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. कधीकाळी याच आजोबांनी कोणाच्या तरी सायकलचे कॅरिअर धरून मागे धाव घेतलेली असते.

त्या धावण्यातही एक कौशल्य असते. कॅरिअर घट्ट धरून ठेवणाऱ्या बापाचे मूल सायकल शिकत नाही, कारण तोल बापच सांभाळत राहतो. आणि पहिल्याच दिवशी सोडून देणाऱ्याचे मूल गुडघे फोडून घेते आणि पुन्हा चढायला धजत नाही. पकड हळूहळू सैल करीत जाणे आणि हात सुटला तरी दोन पावले अंतरावर धावत राहणे, हेच शिकविणाऱ्याचे काम. रोलरवर चढलेल्या प्रौढाला ते स्वतःचे स्वतःच करावे लागते. भिंत जवळ असू द्यावी, तिच्यावरचा भार मात्र रोज थोडा कमी करावा.